जन्मसाल १९९९, वय वर्षे ११

सावली

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण आज धागा काढावाच लागला.

लेक ११ वर्षांची आहे. स्वतःचा फोन नाही. माझा जुना टॅब वापरते, त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ आणि चित्रं काढायचं अॅप. टॅब फार अडकायला लागला म्हणून जागा रिकामी करायला बसले, तर 'गणित' नावाच्या फोल्डरमध्ये रील्सचं ते सगळ्यांचं लाडकं अॅप सापडलं. प्रोफाइलला मांजरीचा फोटो, खातं सगळ्यांना खुलं, आणि सेटिंगमध्ये जन्मतारीख १ जानेवारी १९९९. विचारलं तर अगदी शांतपणे म्हणाली, "खरं साल टाकलं तर घेतच नाही ना ते." जणू दोष अॅपचाच.

आरडाओरडा केलेला नाही. पण आता करायचं काय? खातं उडवायचं, तारीख दुरुस्त करायची, की माझ्या नजरेखाली चालू द्यायचं? वर्गातल्या बहुतेक मुलींचं आहे म्हणते, आणि ते खरं असावं असं मलाही वाटतं. ज्यांची मुलं ह्या वयातून गेली आहेत त्यांनी प्लीज सांगा. 'आमच्या वेळी'ने सुरू होणारे प्रतिसाद चालतील, पण थोडक्यात.

तिरकस

१९९९? लेक माझ्यापेक्षा मोठी निघाली की. भेटली तर ताई म्हणेन.

फोल्डरला 'गणित' नाव देण्याची अक्कल मात्र दाद देण्यासारखी. तिथे कोणी बघायला जाणार नाही ह्याची पक्की खात्री.

नाना_निवृत्त

आमच्या वेळी (थोडक्यात): टॅब काढून घ्या. विषय संपला.

मोरपंख

नाना, विषय संपत नाही हो, फक्त तुमच्या डोळ्यांआड जातो. टॅब काढलात तर मैत्रिणीच्या फोनवर लॉगिन होईल, आणि ते तुम्हाला दिसणारही नाही.

मी सरळ सांगते. माझ्या मुलाचं खातं तो १२ वर्षांचा असताना मीच उघडून दिलं, जन्मसाल मीच मागे नेलं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. त्याच्या संघाचं सरावाचं वेळापत्रक, रद्द झालेले सामने, सगळं तिथेच पडायचं. प्रशिक्षक वेगळा निरोप पाठवत नसत. पासवर्ड माझ्याकडे, खातं खाजगी, ओळखीच्यांनाच प्रवेश. आता तो १५ चा आहे, आकाश कोसळलेलं नाही. नियम पाळणारी आई म्हणून मिरवण्यासाठी त्याला संघाबाहेर बसवू का?

बिनधास्त_बाबा

+१ मोरपंख. आमच्याकडेही सेम. फक्त जन्मसाल बायकोने टाकलं आणि शिव्या मी खाल्ल्या.

कोडेवाला

साइन-अपची पानं बनवण्यात बरीच वर्षं घालवली आहेत (कुठे ते विचारू नका), म्हणून जरा लांबण लावतो.

खातं उघडायला किमान वय लागतं तो १३ हा आकडा कुठल्या बालमानसतज्ज्ञाने मुलांचा मेंदू तपासून काढलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली 'कोप्पा' हा कायदा झाला, एप्रिल २००० पासून लागू. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर आधी पालकांची पडताळलेली संमती घ्या, असा तो कायदा. तो आणणाऱ्या एड मार्की यांना १६ हवं होतं, तडजोडीत १३ वर आलं. संमती घेणं म्हणजे खर्च आणि कटकट. त्यापेक्षा 'आमच्याकडे १३ खालचं कोणी नाहीच' असं नियमावलीत लिहून टाकणं स्वस्त. आणि कायद्यातली मेख अशी, की साइट खास मुलांसाठी नसेल तर मूल लहान आहे हे कंपनीला प्रत्यक्ष माहीत असेल तेव्हाच ती अडकते. त्यामुळे वय विचारायचं, मिळेल ते उत्तर घ्यायचं, आणि पुढे फार खोदायचं नाही. वीस वर्षं सगळ्या जगाने हेच केलं.

जन्मसालाचं ते फिरतं चाक मुलं कसं वापरतात ते कधी बघा. बोटाने एकदा जोरात ढकलतात, आकडे भुर्रकन पळतात, थांबेल ते साल आपलं. दिवस आणि महिन्याला हात लावायचा कंटाळा, म्हणून १ जानेवारी. खरी तारीख टाकून अडकलेलं मूल फार तर एकदाच अडकतं. हा कायदा राबवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचं मार्गदर्शन असं आहे की वय तटस्थपणे विचारा, उत्तर तोंडात घालू नका, आणि एकदा लहान वय सांगितल्यावर लगेच मागे जाऊन बदलू देऊ नका. त्यावर मुलांचा उतारा म्हणजे अॅप काढायचं, पुन्हा टाकायचं.

पण मोरपंख, तुमच्या मुद्द्यात एक भोक आहे. आपण समजतो की खोटं साल हे दारातून आत जाण्यापुरतं आहे. तसं नाही. ते साल आत गेल्यावरही खात्याला चिकटून राहतं आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं. सावली यांची लेक त्या यंत्राच्या लेखी २७ वर्षांची बाई आहे. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती आणली. त्यात खातं आपोआप खाजगी, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद, आणि १६ च्या आत असाल तर हे सैल करायला पालकांची परवानगी. ह्यातलं काहीही २७ वर्षांच्या बाईला लागू होत नाही. जाहिराती प्रौढांच्या, सुचवलेली माणसं प्रौढ.

ब्रिटनच्या ऑफकॉमने (माध्यमांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२२ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली होती. सोशल मीडियावर स्वतःचं प्रोफाइल असलेल्या ८ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं खात्यावर १८ किंवा त्याहून मोठी होती. ह्यातल्या सगळ्यांनी मुद्दाम १८ सांगितलेलं असायची गरज नाही. दहाव्या वर्षी 'मी १३' म्हणालं की पंधराव्या वर्षी खातं १८ चं होतं. मूल तेच, सुरक्षा गळून पडली, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मोरपंख

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. मी खाजगी करून ठेवलं होतं, पण ते हाताने. मेसेजचं काय सेटिंग आहे बघते आज.

बाकी 'भोक' शब्दाबद्दल निषेध.

सावली

कोडेवाला, धन्यवाद. मग तारीख दुरुस्त केली तर?

कोडेवाला

खरं वय १३ च्या खाली टाकलंत तर खातं बंद होतं. दुरुस्तीची सोय ही १३ च्या पुढच्यांसाठी. गूगलचं थोडं वेगळं आहे. तिथे कमी वयाची तारीख टाकली की १४ दिवस देतात. तेवढ्यात पालकांच्या देखरेखीखाली खातं आणा, नाहीतर बंद. तेव्हा आधी फोटो-व्हिडिओ उतरवून घ्या आणि मगच तारखेला हात लावा.

वर्गशिक्षिका

सहावी-सातवीला शिकवते. सगळे 'अॅप, अॅप' करताय म्हणून हसू आलं.

आमच्या शाळेत फोनला बंदी, शाळेच्या संगणकावर सगळ्या सोशल साइट बंद. एक दिवस भूगोलाच्या प्रकल्पाची सामाईक फाइल तपासायला उघडली. वर 'नद्यांचे प्रकार', खाली चार ओळी, पुढे कोरं पान. पण ती फाइल रोज रात्री साडेदहापर्यंत बदलत होती. चार ओळींसाठी एवढी मेहनत? मागच्या आवृत्त्या उघडून पाहिल्या तर आख्खा गप्पांचा अड्डा. प्रत्येकाने वेगळा रंग घेतलेला. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या केसांना कोण काय म्हणालं, कोणाला 'फाइलमधून काढायचं'. गप्पा झाल्या की सगळं निवडून पुसायचं आणि नद्या तेवढ्या ठेवायच्या. आवृत्त्यांचा इतिहास राहतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सांगायचं असं की वयोमर्यादा असलेल्या अॅपवर जाणं ही एकच वाट नाही. खेळातल्या चॅटमध्ये बोलतात, गाण्यांच्या सामाईक यादीच्या नावात निरोप लिहितात, मोठ्या बहिणीचं खातं वापरतात. कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं अॅप असतं, त्यात आकडा टाकला की आतला कप्पा उघडतो. एका पालकांनी मला अभिमानाने सांगितलं होतं, "फोनवर दुसरं काही नाही, दोन कॅल्क्युलेटर आहेत फक्त."

तिरकस

दोन कॅल्क्युलेटर =)) =))

एक बेरजेला, एक वजाबाकीला.

नाना_निवृत्त

शिक्षिकाबाई, मग शाळा काय करते?

वर्गशिक्षिका

नाना, शाळेने ती फाइल बंद केली. दुसऱ्या दिवशी 'वाऱ्यांचे प्रकार' सुरू झाली.

दक्षिणवारा

सध्या ऑस्ट्रेलियात राहते, म्हणून इथलं सांगते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर संसदेत कायदा झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना खातं ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, ट्विच, किक ही यादी. व्हॉट्सअॅप, डिस्कॉर्ड, रोब्लॉक्स बाहेर. मोरपंख, ही गोष्ट तुम्हाला आवडेल: शिक्षा मुलाला नाही, पालकांनाही नाही. दंड कंपनीला, जास्तीत जास्त ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. आणि पालकांनी परवानगी दिली तरी चालत नाही. 'मी आई आहे, माझी हरकत नाही' हे वाक्यच कायद्याने बाद केलंय.

प्रत्यक्षात काय झालं? माझा मुलगा १४ चा. एका ठिकाणचं खातं पहिल्याच दिवशी गेलं. दुसऱ्या ठिकाणी चेहरा दाखवायला सांगितला. ह्याने भुवया ताणल्या, दिवा मागे ठेवला, चेहरा गंभीर केला आणि पास झाला. मी शेजारीच उभी होते, हसावं की रागवावं कळेना. तो यंत्राला फसवतोय असं त्याला वाटत होतं. मला वाटतं, त्याने भुवया ताणल्या नसत्या तरी कदाचित पास झाला असता. चेहऱ्यावरून वय म्हणजे अंदाज. ८ आणि ३० मधला फरक कळतो, साडेपंधरा आणि सव्वासोळा मधला कसा कळणार?

बिनधास्त_बाबा

मिशा काढल्या पेनाने तर?

दक्षिणवारा

त्याच्या मित्राने केलंय. पास झाला की नाही ते सांगत नाहीये, म्हणजे नापास.

कोडेवाला

ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून ऑनलाइन सेफ्टी अॅक्टखाली अश्लील आणि घातक मजकुरासाठी कडक वयतपासणी सुरू झाली. लगेच व्हीपीएनची अॅप (आपण कुठल्या देशात आहोत ते लपवणारी) डाउनलोडच्या यादीत वर. काही महाभागांनी एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा फोटो मोडमध्ये कॅमेऱ्यासमोर धरला, पात्राला तोंड उघडायला लावलं, आणि चेहरातपासणी पार केली. हे सगळं फक्त लहान मुलांनी केलं असं नाही हं. व्हीपीएन घेणाऱ्यांत मोठी माणसं भरपूर असणार. ज्यांना ओळखपत्र द्यायचं नव्हतं ती.

इतिहासजमा

हे खेळ जुने आहेत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्र ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केले. मुलांनी आईबापांचे नोंदणी क्रमांक वापरले, आणि दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, सरकारने तो कायदा रद्द करायचं ठरवलं. चीनने २०२१ मध्ये १८ खालच्यांना शुक्रवार-शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्टीला रात्री ८ ते ९ एवढाच वेळ दिला, आणि त्याच वर्षी तिथल्या सगळ्यात मोठ्या गेम कंपनीने रात्री खेळणाऱ्यांचे चेहरे तपासायला सुरुवात केली. कारण मुलं मोठ्यांच्या नावावर खेळत होती. आजी-आजोबांचं ओळखपत्र, दुसरं काय.

तिरकस

नाना, तुमचं ओळखपत्र जागेवर आहे ना बघा.

नाना_निवृत्त

आहे. नातवाला कपाटाची किल्ली कुठे असते ते मात्र माहीत आहे. बघतो.

झाकली_मूठ

सगळे 'वय नीट तपासायला हवं' ह्यावर एकमत करून बसलेत म्हणून विरोधी सूर लावतो.

मुलाचं वय तपासायचं म्हणजे सगळ्यांचं तपासायचं. मी ४८ वर्षांचा आहे हे सिद्ध केल्याशिवाय मी मूल नाही हे कसं कळणार? म्हणजे मी माझा चेहरा किंवा ओळखपत्र कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर टाकायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड ह्या गप्पांच्या अॅपने जाहीर केलं की त्यांच्यासाठी ग्राहकसेवा बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून साधारण ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. वयाबद्दलच्या तक्रारींसाठी लोकांनी पाठवलेले फोटो होते ते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा बदलू?

नाना_निवृत्त

बँकेत केवायसी देताच की. तिथे मूठ उघडता, इथेच झाकता?

झाकली_मूठ

बँकेत माझे पैसे आहेत, नाना. इथे मी लोकांचे विनोद वाचायला येतो. दोन्हीकडे सारखीच कागदपत्रं मागायला लागले तर काहीतरी चुकतंय.

कलमवाचक

आपल्याकडचं कोणी काढलं नाही अजून. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यात 'मूल' म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. कलम ९ प्रमाणे मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवता येत नाही, त्याला रोखून जाहिराती दाखवता येत नाहीत. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही कलमं लागू व्हायला त्यापुढे १८ महिने ठेवलेत.

कागदावर उत्तम. पण ह्या सगळ्याची सुरुवात 'मी मूल आहे' असं मुलाने सांगण्यापासून होते. ज्याने १९९९ टाकलं त्याच्या पालकांकडे संमती मागायला कोण जाणार? आणि १७ वर्षांच्या मुलाला प्रत्येक ठिकाणी बापाची परवानगी लागणार असेल तर तोही १९९९ च टाकणार. मर्यादा जितकी वर न्याल तितकी खोटं बोलणाऱ्यांची संख्या वाढते. १३ ला खोटं बोलणारी दहा-बाराची पोरं होती, १८ ला अख्खी माध्यमिक शाळा.

बिनधास्त_बाबा

ह्या संस्थळावर तरी कोणी खरं वय टाकलंय? इथे एकेकाचे तीन-तीन डु-आयडी (डुप्लिकेट आयडी) आहेत, त्यातले दोन एकमेकांशी भांडतात.

तिरकस

माझ्याकडे बघून का बोलताय?

इतिहासजमा

तुमचा दुसरा आयडी जास्त सभ्य आहे, तोच वापरत जा.

संपादक मंडळ

कृपया विषयाला धरून लिहावे. अवांतर चार प्रतिसाद उडवले आहेत.

रात्रपाळी१७

नवीन सदस्य आहे. वय १७, खरं. बाबा हे संस्थळ वाचतात, त्यांच्या शेजारी बसून हा धागा वाचला, मग राहवलं नाही.

तुम्ही लोक व्हीपीएन आणि चेहरे वगैरे बोलताय, पण आमच्याकडे एवढी मेहनत कोणी घेत नाही. सगळ्यात जास्त काय चालतं सांगू? दोन खाती. एक घरचं, एक खरं. घरच्या खात्यावर आई, मावशी, शाळेचे सर सगळे असतात. त्यावर वाढदिवसाचे आणि फिरायला गेल्याचे फोटो. खरं खातं वेगळ्या नावाचं, त्यावर वीस-पंचवीस मित्र. पासवर्ड माझ्याकडे आहे असं म्हणणाऱ्या काकू (सॉरी) बहुतेक घरच्या खात्याचा पासवर्ड धरून बसलेल्या असतात. जुनी खाती विकतही मिळतात, पाच-सात वर्षं जुनं खातं असलं की वयाचा प्रश्नच येत नाही. चेहरा मागितला तर मोठा भाऊ असतो.

पण मला वेगळंच सांगायचंय. आमच्या ग्रुपमधल्या एकाला, आम्ही १२-१३ चे असताना, कोणीतरी मेसेज करायला लागलं. आधी गेमबद्दल, मग फोटो मागायला लागलं, मग 'नाही दिलेस तर तुझ्या घरी सांगेन' अशी धमकी. आणि ती धमकी चालली. कारण घरी सांगायचं म्हणजे आधी खातं आहे हे सांगावं लागणार, मग वय खोटं टाकलंय हे. त्याला त्या माणसाची भीती कमी आणि आईची जास्त होती. बरेच दिवस कोणालाच बोलला नाही. शेवटी एका मित्राच्या ताईला सांगितलं, तिने सगळे मेसेज जपून ठेवायला लावले, त्या माणसाला ब्लॉक केलं आणि मग ह्याला घरी नेऊन सगळं सांगितलं.

घरी कळल्यावर पहिली गोष्ट काय झाली? फोन काढून घेतला. बाकीच्या सगळ्यांनी त्यातून धडा घेतला: सांगायचं नाही.

बाबा, तुम्ही हे वाचत असाल तर तो मी नव्हतो.

मोरपंख

काकू चालेल.

मुलाशी बोलले आत्ताच. दुसरं खातं आहे. नाव सांगितलं नाही, पण 'आहे' म्हणाला. मी मागितलंही नाही. एवढंच म्हणाले की कोणी काही मागितलं तर फोन काढून घेणार नाही, लिहून देऊ का? म्हणाला, दे. दिलं लिहून. त्याने त्याचा फोटो काढून ठेवला!

वर्गशिक्षिका

रात्रपाळी१७, हे पालकसभेत वाचून दाखवलं तर चालेल का? नाव अर्थातच नाही सांगणार.

आणि त्या ताईने केलं ते अगदी बरोबर होतं. घाबरून मेसेज पुसू नयेत. तक्रार करायची वेळ आली तर तेच हातात असतात.

रात्रपाळी१७

चालेल मॅडम. 'काकू' तेवढं काढा.

नाना_निवृत्त

मुला, धीट लिहिलंस. पण मला एक कळत नाही. फोन काढून घ्यायचा नाही, खातं उडवायचं नाही, रागवायचं नाही. मग मोठ्यांनी करायचं तरी काय? नुसतं जवळ बसून बघत राहायचं?

दक्षिणवारा

नाना, ११ वर्षांच्या मुलीला 'नाही' म्हणायला काहीच हरकत नाही. रागवणं आणि नाही म्हणणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरा. मी कायद्याच्या बाजूने आहे, गळका असला तरी. आधी घरोघरी एकटी आई खलनायिका असायची. आता निदान 'कोणालाच चालत नाही' असं म्हणता येतं. मुलाच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी वाट काढली असेल, पण उरलेल्या निम्म्यांवरचा 'सगळे आहेत, मी नाही' हा दबाव कमी झाला. तेही काही कमी नाही.

झाकली_मूठ

आणि ज्यांनी वाट काढली ती आता प्रौढांच्या खात्यावर, कोडेवाला म्हणाले तशी, काहीही कुंपण नसलेली. ती निम्मी पण मोजा.

दक्षिणवारा

मोजतेय. माझ्याच घरात आहे एक.

सावली

धागा वर काढतेय, बरेच दिवस आत आले नाही. सगळे प्रतिसाद वाचले, रात्रपाळी१७ चा तर नवऱ्यालाही वाचायला लावला.

काय केलं ते सांगते. रविवारी दोघी शेजारी बसलो. आधी मेसेजची विनंत्यांची पेटी उघडली, जी तिने कधी उघडलीच नव्हती. बहुतेक कचरा होता, पण दोन-तीन मेसेज असे होते की माझ्या अंगावर काटा आला. 'हाय डिअर, कुठे राहतेस' छाप, पिकलेल्या केसांचे डीपी. तिला दाखवले. म्हणाली, "हे मला का पाठवतात?" मी म्हटलं, कारण त्यांना तू सत्तावीसची वाटतेस, किंवा वाटत नाहीस, दोन्ही वाईटच. दुसरा अर्धा भाग तिला कळला नाही बहुतेक. मी समजावूनही सांगितला नाही, आत्ता नाही.

मग तिने काढलेल्या चित्रांचे व्हिडिओ उतरवून घेतले आणि खातं काढून टाकलं. रडली. खूप. वर्गातल्या दोघी आता तिला 'बाळ' म्हणतात, ते मला जास्त लागलंय. चित्रं दाखवायला मैत्रिणींचा एक छोटा गट केलाय माझ्या फोनवरून. तो तिला अर्थातच कंटाळवाणा वाटतो. १३ पूर्ण झाल्यावर खऱ्या तारखेने नवीन उघडू असं कबूल केलंय. दुसरं खातं आहे का विचारलं तर नाही म्हणाली. विश्वास ठेवलाय, आणि टॅबवर नवीन अॅप टाकायला माझी परवानगी लागेल असंही करून ठेवलंय.

मोरपंख

'बाळ' म्हणणाऱ्या दोघींच्या आयांशी बोलता येईल का? त्यांनाही माहीत नसेल कदाचित. एकटीने हे करणं फार जड जातं, चार घरांनी मिळून केलं तर 'सगळ्यांचं आहे' हे खरंच राहत नाही.

सावली

एकीशी बोलले. तिला माहीत होतं, तिनेच उघडून दिलंय. तुमच्यासारखीच म्हणाली, "खाजगी केलंय मी." तिला कोडेवाला यांचा प्रतिसाद पाठवलाय. दुसरीने फोन उचलला नाही.

बिनधास्त_बाबा

एक प्रश्न, मूळ विषयाला थोडा धरून. टीव्हीवरच्या यूट्यूबचं काय? तिथे तर वय कोणी विचारतच नाही.

कोडेवाला

विचारत नाही, कारण तिथे तुम्हीच लॉगिन करून ठेवलेलं असतं. त्याच्या लेखी सोफ्यावर तुम्ही बसलाय. ऑस्ट्रेलियातही खातं नसताना यूट्यूब बघायला बंदी नाही, बंदी खात्यावर आहे. टीव्हीवर मुलांची वेगळी प्रोफाइल करता येते, पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला बाहेर पडताना कुलूप लावायला विसरू नका, नाहीतर मुलं दोन बटणं दाबून परत तुमच्यातच येतात.

नाना_निवृत्त

अच्छा. म्हणून मला गेले सहा महिने चिकटमातीचे आणि राक्षसी ट्रकचे व्हिडिओ सुचवतंय होय! मी समजत होतो माझंच काहीतरी बिघडलंय. ते कुलूप कुठे असतं ते सांगा.

कोडेवाला

नाना, टीव्ही कुठला आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. स्क्रीनचे फोटो पाठवलेत तर एकेक पायरी लिहून देतो.